जॅक कर्बीची मुखपृष्ठं : बघायचं काय आणि कसं

दौतटाक

सुपरहिरो कॉमिक्सवर इथे बोलणं होतं ते कथांवर, आणि हल्ली बरंचसं सिनेमांवर. मुखपृष्ठांसाठी वेगळा धागा हवा होता, म्हणून काढतोय. सुरुवात अमेरिकी कॉमिक्स चित्रकार जॅक कर्बीपासून (१९१७–१९९४).

माझं म्हणणं आधीच मांडतो. कर्बीचं मुखपृष्ठ खोलीवर, म्हणजे पुढच्या-मागच्या अंतराच्या भासावर, उभं असतं. त्याच्या आधीच्या आणि बरोबरीच्या कित्येकांच्या मुखपृष्ठांवर पात्रं एका रांगेत, रंगमंचावर उभी राहावीत तशी दिसतात. कर्बीकडे एक वस्तू अगदी पुढे, जवळजवळ कागदाबाहेर आलेली असते, दुसरी पार मागे असते, आणि दोन्हींना जोडणारी एक तिरकी रेघ असते. शाई, रंग, अक्षरांची जागा हे सगळं त्या खोलीच्या कामाला लागतं.

‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’चा पहिला अंक घ्या. अंकावर तारीख मार्च १९४१, प्रत्यक्षात तो डिसेंबर १९४०मध्येच विक्रीला आला. म्हणजे पर्ल हार्बरच्या जवळपास वर्षभर आधी, अमेरिका युद्धात नसताना, नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय. विषयाचं धाडस सगळेच सांगतात. मला दाखवायची आहे ती मांडणी. सैनिक चहूकडून गोळ्या झाडताहेत, जमिनीवर कागद आणि नकाशा आहे, भिंतीवर एक पडदा आहे. एवढी गर्दी असूनही नजर पहिल्यांदा ठोशावरच जाते, कारण बाकीच्या बहुतेक रेषा त्या बिंदूकडे वळवलेल्या आहेत. जोडीदार जो सायमनबरोबरच्या त्या काळातच ही सवय पक्की झाली होती.

आता ‘अव्हेंजर्स’ अंक ४ (मार्च १९६४). तोच कॅप्टन अमेरिका मध्यभागी, सरळ आपल्या अंगावर धावत येतोय, बाकीचे त्याच्या मागे. चित्र बाजूने काढलं असतं तर ती नुसती मिरवणूक झाली असती.

तुमची आवडती मुखपृष्ठं सांगा, पण का आवडतात तेही लिहा. ‘भारी आहे’ एवढ्यावर थांबू नका.

कोपराचौकोन

उत्तम धागा. खोलीच्या मुद्द्याला एक व्यावहारिक बाजू आहे, ती जोडतो.

त्या काळात अंक विकले जायचे औषधांच्या दुकानांतल्या आणि पेपरस्टॉलवरच्या फिरत्या तारेच्या रॅकवर. एकावर एक लावलेल्या अंकांचा फक्त वरचा भाग किंवा डावी कड दिसायची. म्हणून शीर्षक वरच्या साधारण तिसऱ्या भागात जायचं आणि चित्रकाराच्या हाती उरायचे खालचे दोन भाग. १९६३पासून मार्व्हलच्या अंकांवर डावीकडे वर जो छोटा चौकोन येतो, ज्यात नायकाचं चित्र, किंमत आणि अंकाचा क्रमांक असतो, तो याचसाठी. ती कल्पना मार्व्हलचा दुसरा चित्रकार स्टीव्ह डिट्को याची मानली जाते. उजवीकडे वर कॉमिक्स कोडचा, म्हणजे मजकूर तपासून मंजूर केल्याचा, शिक्का, तो १९५०च्या दशकाच्या मध्यापासून.

म्हणजे वरचे दोन्ही कोपरे आधीच गेलेले. एवढ्या आखडलेल्या जागेत पात्रांना आडवं पसरायला वाव नाही. कर्बी त्यांना आडवं न पसरवता पुढेमागे पसरवतो. पाहताना शीर्षकाची पट्टी हाताने झाका आणि मग उघडा. चांगल्या मुखपृष्ठात एखादं डोकं, हात किंवा हातोडा त्या पट्टीच्या कडेपर्यंत पोचलेला असतो, म्हणून अक्षरंसुद्धा त्याच अवकाशात असल्यासारखी वाटतात.

नवशिकी

एक शंका. ‘फँटॅस्टिक फोर’ अंक १ला सगळे एवढं मानतात, पण मला ते मुखपृष्ठ गजबजलेलं वाटतं. राक्षस, चार जण आणि वर प्रत्येकाच्या तोंडी संवादाचे फुगे.

दौतटाक

नवशिकी, गजबजलेलं आहेच, आणि ते सांगायला हरकत नाही. नोव्हेंबर १९६१ तारखेचा तो अंक. कर्बी त्या वेळी त्याच प्रकाशनासाठी राक्षसांच्या कथा धडाधड काढत होता. ‘स्ट्रेंज टेल्स’ अंक ८९मधला फिन फँग फूम त्याच्या आदल्याच महिन्याच्या तारखेचा. त्यामुळे हे मुखपृष्ठ मुळात राक्षसाच्या अंकाचंच आहे. रस्ता फोडून वर येणारं धूड आणि त्याच्या मुठीत सापडलेली बाई. चौघांच्या अंगावर गणवेशही नाही, तो तिसऱ्या अंकात आला. फुगे आहेत कारण ही पात्रं कोण आणि त्यांना काय येतं हे वाचकाला माहीतच नव्हतं, मग ती आपली ओळख आपणच बोलून करून देतात.

फुगे मनातून काढून टाका आणि राक्षस व माणसं यांच्या आकारातलं प्रमाण बघा, रस्त्याच्या फुटलेल्या कडा बघा. तिथे कर्बी दिसतो.

याच मालिकेतला अंक ४८ (मार्च १९६६) याच्या अगदी उलट. गॅलॅक्टस हा अवाढव्य खलनायक येणार अशी मोठी घोषणा आहे, पण मुखपृष्ठावर गॅलॅक्टस नाहीच. तो दिसतो पुढच्या अंकावर. पाच वर्षांत विक्रीची भाषा किती बदलली ते या दोन अंकांत कळतं.

ठिपकेदार

रंगांवर कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. छपाई समजल्याशिवाय ही मुखपृष्ठं अर्धीच दिसतात.

शाया चार : पिवळी, किरमिजी, निळी आणि काळी. काळी म्हणजे रेषा. उरलेल्या तिघींचे टप्पे ठरलेले, २५ टक्के, ५० टक्के आणि पूर्ण. ‘काही नाही’ धरून प्रत्येकीचे चार पर्याय, म्हणजे ४ × ४ × ४ = ६४ छटा. हा कागदावरचा हिशेब. रोजच्या वापरात छटा त्याहून कमी असत. रंगकर्मी छायाप्रतीवर जलरंगाने रंगवून देई आणि बाजूला खुणा लिही. वाय म्हणजे पिवळा, आर लाल, बी निळा. २ लिहिलं की २५ टक्के, ३ लिहिलं की ५० टक्के, नुसतं अक्षर म्हणजे पूर्ण. गोऱ्या कातडीचा रंग म्हणजे ‘वाय २ आर २’. साठच्या दशकातल्या मार्व्हलच्या रंगांचा मोठा वाटा स्टॅन गोल्डबर्गचा, आणि पुढे मरी सेव्हरिनचा.

यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली करड्या रंगाची. ‘इन्क्रेडिबल हल्क’ अंक १ (मे १९६२) मध्ये हल्क करडा आहे आणि दुसऱ्या अंकापासून हिरवा. करडा मिळवायला तिन्ही शाया फिक्या टप्प्यात समतोल पडाव्या लागतात. यंत्रावर एक शाई जरा जास्त सुटली की करडा लगेच हिरवट, गुलाबी किंवा निळसर होतो. त्या अंकात पानागणिक छटा बदललेली दिसते. हिरव्याला दोनच शाया लागतात, पिवळी आणि निळी. त्यात थोडं कमीजास्त झालं तरी हिरवा हिरवाच राहतो.

दुसरी गोष्ट रजिस्ट्रेशनची. चार प्लेट एकावर एक नेमक्या बसल्या नाहीत तर आकाराच्या एका कडेला पांढरी फट राहते आणि दुसऱ्या कडेला रंग बाहेर सांडतो. रेषा बारीक असेल तर अर्धा मिलिमीटर सरकलेलंही डोळ्यात खुपतं. कर्बीच्या आकृत्यांना जाड काळी बाह्यरेषा असते. रंग सरकला तरी त्या रेषेखाली लपून जातो. म्हणूनच वाईट छापलेल्या प्रतीतही त्याचं चित्र टिकतं, आणि बारीक रेषांनी काम करणाऱ्यांचं टिकत नाही.

खलनायकांना हिरवा-जांभळा आणि नायकांना लाल-निळा-पिवळा, ही वाटणीही याच मर्यादेतली. लांबून रॅककडे पाहताना नाव वाचण्याआधी रंगावरून बाजू कळावी.

रेघोटी

ठिपकेदार, फार उपयोगी माहिती. पण त्या जाड रेषेचं श्रेय एकट्या कर्बीला देऊ नका. त्याची पेन्सिल ठाम होती हे खरंच, पण तिच्यावर शाईने रेषा पक्की करणारा दुसराच. एकाच पेन्सिलीवर माणूस बदलला की मुखपृष्ठ बदलतं.

डिक एअर्स : सुरुवातीच्या ‘फँटॅस्टिक फोर’मध्ये. रेषा थोडी खडबडीत, चौघांपैकी द थिंगची कातडी चिखलासारखी ओबडधोबड. त्या काळाच्या राक्षसी वातावरणाला शोभते.

चिक स्टोन : १९६४च्या आसपास. बाह्यरेषा सगळ्यांत जाड, आतल्या रेषा कमी. मला त्याच्या शाईतली मुखपृष्ठं सर्वांत वाचनीय वाटतात. लहान आकारात पाहिली तरी आकार तुटत नाहीत.

जो सिनॉट : ‘फँटॅस्टिक फोर’चा अंक ५ त्याने केला, पण मालिकेवर नियमित आला तो अंक ४४पासून (नोव्हेंबर १९६५). यंत्रांवरची चकाकी, दगडांच्या कडा, अवकाशातले काळे ठिपके, सगळं घोटीव. गॅलॅक्टसचं भव्यपण त्याच्या हाताशिवाय तसं उतरलं नसतं.

व्हिन्स कोलेटा : ‘थॉर’वर. बारीक टाकाच्या रेघा. वेळ वाचवण्यासाठी तो मागच्या आकृत्या खोडून टाकायचा, इमारतींचा तपशील गाळायचा. मूळ पेन्सिलींच्या प्रती शेजारी ठेवल्या की काय काय गेलं ते दिसतं.

माइक रॉयर : १९७१पासून डीसी या दुसऱ्या प्रकाशनाच्या अंकांवर. पेन्सिलीत असेल तेच, जसंच्या तसं.

बुंधा

कोलेटावर नेहमीच असं तुटून पडतात. थॉरच्या देवलोकाच्या दृश्यांना त्याच्या रेघांनी जुन्या लाकडी ठशाच्या छपाईचा पोत दिला. सिनॉटच्या चकचकीत शाईत अस्गार्ड, म्हणजे तो देवलोक, कारखान्यासारखं दिसलं असतं. शिवाय मुदती सांभाळणारा माणूस म्हणून संपादक त्याच्याकडेच जात.

रेघोटी

पोताचं मान्य, आतल्या पानांपुरतं. मुखपृष्ठावर मात्र बारीक रेघ लांबून करडी होते आणि पुढची आकृती मागच्या इमारतीत मिसळते. दौतटाक यांनी म्हटलेली खोली तिथेच हरवते. ‘जर्नी इन्टू मिस्टरी’ अंक ८३ (ऑगस्ट १९६२), थॉरचं पहिलं मुखपृष्ठ, सिनॉटच्या शाईत आहे. थॉर हातोडा गरगरा फिरवतोय आणि भोवती दगडी परग्रहवासी. पुढे कोण आणि मागे कोण याबद्दल क्षणभरही गोंधळ होत नाही. देवलोकाचं वजन तिथे काही कमी झालेलं नाही.

बुंधा

अंक ८३ला माझ्याकडे उत्तर नाही. मुखपृष्ठांपुरतं तुमचं पटलं.

चित्रगुंता

आकाराची गोष्ट राहून गेली. १९६७पर्यंत मूळ चित्रं छापील आकाराच्या जवळपास दुप्पट काढली जात, चित्राची चौकट सुमारे १२½ × १८½ इंच. १९६७-६८मध्ये ती १० × १५ इंचांवर आली. छापील अंक साधारण ६¾ × १०¼ इंच.

परिणाम असा की आधीच्या कागदावरची १ मिलिमीटरची रेघ छापताना अर्ध्या मिलिमीटरची व्हायची, नंतरच्या कागदावरची ०.६च्या वर राहायची. म्हणजे नंतर बारकावे कमी करावे लागले. १९६८नंतरचा कर्बी आकृत्या मोठ्या करतो, गर्दी कमी करतो, काळे ठोकळे वाढवतो. कुणाला तो उतार वाटतो. मला मुखपृष्ठांसाठी हा बदल फायद्याचा वाटतो. ‘कमांडी’ अंक १ (ऑक्टोबर-नोव्हेंबर १९७२) बघा. पाण्यात अर्धी बुडालेली, कललेली स्वातंत्र्यदेवी आणि तराफा वल्हवणारा एक पोरगा. मारामारी नाही, ठोसा नाही. पुतळा आणि पोरगा यांच्या आकारातलं अंतर एवढ्यावर सगळी गोष्ट सांगून होते.

नवशिकी

हे सगळं वाचून काढून बघावंसं वाटतंय. अंगावर येणारी मूठ आणि ते अवकाशातले काळे ठिपके कसे करायचे?

दौतटाक

आधी मूठ. ए-४ कागदावर १६.८ × २६ सेंमीची चौकट आखा. वरून साडेआठ सेंमीवर आडवी रेघ मारा आणि त्यावरची जागा शीर्षकासाठी सोडा. आता चौकटीचा खालचा एक कोपरा आणि समोरचा वरचा भाग जोडणारी तिरकी रेघ हलकी काढा. मूठ त्या रेघेच्या जवळच्या टोकाला, खांदा दूरच्या टोकाला.

मूठ सगळ्यांत आधी काढा, डोक्याएवढी किंवा थोडी मोठी. बोटं गोल न करता चौकोनी ठोकळे करा, प्रत्येक पेराला सपाट पृष्ठभाग द्या. मग खांदा आणि डोकं. कोपर आणि दंड शेवटी, मुठीमागे बरेचसे झाकलेले. सगळे चुकतात ते इथेच : हाताची पूर्ण लांबी दाखवायचा मोह होतो आणि हात नळीसारखा लांब होतो. कर्बी मधला भाग जवळपास गिळून टाकतो. मनगटाची कड, बाहीची कड, दंडाची कड असे दोन-तीन कंस एकावर एक आले की पुरे.

शाई करताना मुठीची बाह्यरेषा सर्वांत जाड, डोक्याची मध्यम, मागच्या इमारतींची बारीक. सगळीकडे जाडी सारखी ठेवलीत तर मूठ जवळ आलेली न वाटता सुजलेली वाटेल.

रेघोटी

ठिपक्यांचं मी सांगते. हा प्रकार १९६५-६६च्या ‘फँटॅस्टिक फोर’मध्ये पूर्ण फुलला. चाहते त्याला कर्बी क्रॅकल म्हणतात.

गोल कुंचला २ किंवा ३ नंबरचा, इंडियन इंक, गुळगुळीत जाड कागद. आधी पेन्सिलीने ऊर्जेचा लोळ कुठून कुठे जातोय तो आकार आखा. ठिपके त्या लोळाच्या आत नसतात, त्याच्या काठाशी आणि भोवतीच्या काळोखात असतात. लोळ म्हणजे मधला कोरा कागद. आधी पाच-सहा मोठे ठिपके टाका, एकमेकांना चिकटणारे, काही अर्धे मिसळलेले. मग त्यांच्या कडेला मध्यम. अगदी शेवटी लहान, आणि तेही फक्त बाहेर उडणाऱ्या दिशेला. मधूनमधून थांबून उरलेले पांढरे आकार तपासा. ते टोकदार आणि वेडेवाकडे हवेत.

बिघडतं ते दोन कारणांनी. सगळे ठिपके एकाच मापाचे आणि सारख्या अंतरावर पडले तर चित्राला गोवर आल्यासारखं दिसतं. आणि मार्करने केलं तर कड फार यांत्रिक येते. कुंचला उभा धरून टेकवला की ठिपका किंचित लांबट होतो, तो लांबटपणा वाहत्या दिशेला ठेवा.

कोपराचौकोन

काढायचं नसेल, नुसतं बघायचं असेल, तरी एक करा. चांगली प्रतिमा घ्या, रंग काढून कृष्णधवल करा आणि ती टपाल तिकिटाएवढी छोटी करा. काळे भाग सलग साखळीसारखे एका दिशेला जाताना दिसले तर मांडणी पक्की. ‘एक्स-मेन’ अंक १ (सप्टेंबर १९६३) असा करून बघा. एका बाजूने पाच जण, समोर एकटा मॅग्नेटो, तरी पारडं त्याच्याच बाजूला जड राहतं.

मोरपंखी

‘अमेझिंग फँटसी’ अंक १५ (ऑगस्ट १९६२), स्पायडरमॅनचं पहिलं मुखपृष्ठ, कर्बीच्या यादीत धरायचं का? सगळे ते डिट्कोचं समजतात.

दौतटाक

धरायचं. डिट्कोने आधी केलेलं मुखपृष्ठ संपादक स्टॅन ली यांनी नाकारलं. मग कर्बीने नवं पेन्सिलीत काढलं आणि त्यावर शाई डिट्कोनेच केली. एका हातात जाळ्याचा दोर, दुसऱ्या काखेत धरलेला माणूस, आणि झोका थेट आपल्या दिशेने. शरीराचा भरदारपणा कर्बीचा, पोशाखावरच्या जाळीचा नाजूकपणा डिट्कोचा. आतल्या पानांतला किडकिडीत पोरगा आणि मुखपृष्ठावरचा हा गडी शेजारी ठेवलात की फरक लगेच दिसेल.

चित्रगुंता

छायाचित्रांच्या चिकटचित्रांचा उल्लेख कुणीच केला नाही. ‘फँटॅस्टिक फोर’ अंक ३३ (डिसेंबर १९६४) च्या मुखपृष्ठावर समुद्राखालची पार्श्वभूमी मासिकांतली कात्रणं चिकटवून केली आहे आणि पात्रं रेषांनी काढली आहेत. आतल्या पानांवर हा प्रयोग बऱ्याचदा चिखल होतो, कारण न्यूजप्रिंट शाई शोषतं, ठिपके पसरतात आणि छायाचित्रातले मधले करडे टोन एकमेकांत बुडतात. मुखपृष्ठाचा कागद गुळगुळीत लेप दिलेला, त्यामुळे तिथे तो बरा उतरतो. तरी पात्रांभोवतीची रेषा नेहमीपेक्षा जाड ठेवावी लागली आहे, नाहीतर ती छायाचित्रात विरघळली असती.

मोरपंखी

इंद्रजालच्या मराठी अंकांवरची वेताळाची मुखपृष्ठं आणि कर्बीची मुखपृष्ठं यांची तुलना होऊ शकते का?

ठिपकेदार

थेट नाही. इंद्रजालची मुखपृष्ठं रंगवलेली असत, त्यात गोविंद यांचं काम फार मोठं. रंगवलेलं चित्र छापताना संपूर्ण प्रतिमाच ठिपक्यांत फोडली जाते. आकार उजेड-सावलीतून उभा राहतो, बाह्यरेषा नसली तरी चालतं. कर्बीचं चित्र मुळात काळी रेषा आणि खाली सपाट रंग. एकात प्रकाश आकार घडवतो, दुसऱ्यात रेषा. गोविंद यांच्यासाठी वेगळा धागा निघावा, त्यांच्या रंगलेपनावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे.

भारताशी कर्बीचा खरा धागा दुसरीकडे आहे. रॉजर झेलाझनी यांच्या ‘लॉर्ड ऑफ लाइट’ या हिंदू देवतांवर बेतलेल्या कादंबरीच्या नियोजित सिनेमासाठी त्याने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस भव्य इमारतींचे आराखडे काढले होते. सिनेमा झाला नाही. १९८०मध्ये तेहरानमधून सहा अमेरिकनांना बाहेर काढताना सीआयएने त्याच प्रकल्पाचा बनाव म्हणून वापर केला. ती चित्रं मुखपृष्ठं नव्हेत, पण मिळाली तर जरूर बघा.

नवशिकी

शेवटचं विचारते. जुने अंक आवाक्याबाहेर आहेत. पुनर्मुद्रणं बघून रंगांबद्दल मत बनवावं का?

ठिपकेदार

रेषांबद्दल बनवा, रंगांबद्दल जपून. पुनर्मुद्रणात बहुधा रंग नव्याने भरलेले असतात. शुभ्र चकचकीत कागदावर पूर्ण पिवळा आणि पूर्ण किरमिजी फार कर्कश दिसतात, आणि काही ठिकाणी संगणकावर उजेड-सावलीचे चढउतार घालतात. ते टाळा, कारण कर्बीच्या सपाट रंगाखाली काळा भागच सावलीचं काम करत असतो. त्यावर आणखी सावली घातली की आकार फुगतो आणि खोली मरते. उलट, जुन्या प्रतींचा तो उबदार पिवळसरपणाही मूळचा नव्हे, बराचसा कागद जुना झाल्याचा परिणाम आहे.

मूळ छापील प्रतीचं स्कॅन मिळालं तर तेच घ्या. स्वतः स्कॅन करणार असाल तर ६०० डीपीआयवर करा, डीस्क्रीन (छपाईचे ठिपके पुसणारी स्कॅनरमधली सोय) चालू ठेवा आणि नंतर आकार निम्मा करा. कमी डीपीआयवर थेट स्कॅन केलं तर छपाईचे ठिपके आणि स्कॅनरच्या ओळी एकमेकांत अडकून लहरींसारखी नक्षी उमटते, आणि ती नंतर कशानेही नीट जात नाही. पानाच्या पाठीमागे काळा कागद ठेवा, म्हणजे मागची छपाई पुढे डोकावणार नाही.